विश्लेषण : मुंबईत उतरणारे विमान जुन्नरच्या डोंगरावर कसे आदळले?

पूर्वेकडून मुंबईला येणाऱ्या विमानाला सह्याद्री ओलांडावाच लागतो. जुन्नरपासून मुळशीपर्यंतची ही रांग पावसाळ्यात ढगांत बुडालेली असते. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या दवंड्याच्या डोंगरावर आदळले. विमानातील सर्व ९४ जण ठार झाले.

नेमके काय घडले?

सिडनीहून रोमला निघालेले हे विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होते. आपण मुंबईच्या बरेच जवळ पोहोचलो, असे समजून वैमानिकाने उंची कमी केली. प्रत्यक्षात मुंबई सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. जेट विमानासाठी हे अंतर जेमतेम सात-आठ मिनिटांचे. स्वतःचे नेमके स्थान तपासण्यासाठी उपलब्ध साधने वापरली गेली नाहीत, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली नाही आणि वैमानिकाला या भागाची माहिती नव्हती, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

उंचीमापक चुकला का?

नाही. गोम वेगळीच आहे. हे यंत्र हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवते, खालच्या जमिनीपासूनची नव्हे. मुंबई समुद्रालगत असल्याने तिथे ३,६०० फूट म्हणजे बरीच उंची. दवंड्याचा डोंगर मात्र साधारण तेवढाच उंच. आकडा तोच, पण एका ठिकाणी खाली मोकळी हवा आणि दुसऱ्या ठिकाणी थेट कातळ. अंधारात हा फरक डोळ्यांना कसा दिसणार?

४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईला जाणारे इंडियन एअरलाइन्सचे ॲव्रो विमानही खराब हवामानात उतरत असताना पनवेलजवळच्या किरोळी डोंगरावर कोसळले. त्यात ४५ जणांचा बळी गेला.

मग उपाय काय निघाला?

डिसेंबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनजवळ वादळी हवेत असेच एक विमान डोंगरावर आदळून ९२ जण दगावले. त्यानंतर अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांत जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची केली. ती रेडिओ लहरी खाली सोडून जमिनीचे अंतर मोजते आणि धोका दिसताच ‘पुल अप’ असे ओरडते. पण ती फक्त पोटाखाली पाहत असे. सह्याद्रीसारखा उभा कडा समोर असेल तर इशारा फार उशिरा मिळायचा. १९९० च्या दशकात यंत्रणेत डोंगरदऱ्यांचा नकाशाच भरला गेला, तेव्हा कुठे तिला पुढचे दिसू लागले.