विद्यार्थी व्यावसायिक शाखा : स्वरूप, स्थापना व वाशीम जिल्ह्यातील प्रयोजन

प्रस्तावना

औषधनिर्माणशास्त्राची पदविका वा पदवी विद्यार्थ्यास नोंदणीची पात्रता मिळवून देते. व्यवसायनिष्ठा मात्र केवळ परीक्षेतून निर्माण होत नाही. फार्मसी अधिनियम, १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावयाचे असते. तथापि प्रमाणपत्र एकाचे आणि गल्ल्यावर दुसराच, ही स्थिती सर्वपरिचित आहे. आपले प्रमाणपत्र भाड्याने देणे म्हणजे रुग्णाचा विश्वास विकणे होय, हा संस्कार विद्यार्थ्यावर कोठे व्हावा, हा मूळ प्रश्न आहे. विद्यार्थी व्यावसायिक संघटनेचा विचार याच संदर्भात करावयास हवा.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १८८३ मध्ये ‘फाय डेल्टा काय’ ही औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांची व्यावसायिक बंधुसंघटना स्थापन झाली. आरंभी अशा संघटना पुरुषांपुरत्याच मर्यादित असल्याने १९१३ मध्ये बॉस्टन येथे विद्यार्थिनींनी ‘लॅम्बडा कप्पा सिग्मा’ ही स्वतंत्र संघटना उभारली. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी महासंघाची स्थापना १९४९ मध्ये लंडन येथे झाली.

भारतात ही परंपरा वेगळ्या वाटेने आली. प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात या विषयाच्या अध्यापनाचा पाया घातला आणि त्यांच्याच पुढाकाराने १९३५ मध्ये व्यावसायिकांची संघटना आकारास आली. तीच पुढे इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत असून ‘स्टुडंट्स फोरम’ हा तिचा विद्यार्थी विभाग आहे. गुप्त विधी वा ग्रीक अक्षरे येथे नाहीत. व्यवसायबंधुत्वाचे तत्त्व मात्र समान आहे.

स्थापनेचे टप्पे

शाखा स्थापन करताना मातृसंस्थेचे नियम, प्राचार्यांची संमती, मार्गदर्शक प्राध्यापक, सभासद नोंदणी, पदाधिकाऱ्यांची निवड व जमाखर्चाची नोंद या बाबी आधी निश्चित कराव्यात. खरी अडचण सातत्याची असते. पदविका अभ्यासक्रम दोन वर्षांचा असल्याने अनुभवी सभासद लवकर बाहेर पडतात. म्हणून प्रत्येक पदासोबत प्रथम वर्षाचा एक सहायक नेमणे व कार्यवृत्त लेखी ठेवणे अगत्याचे ठरते. अन्यथा उद्घाटनाच्या छायाचित्रापलीकडे शाखेचे अस्तित्व उरत नाही.

वाशीम जिल्ह्यातील प्रयोजन

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत समावेश झाला. रिसोड, मानोरा यांसारख्या तालुक्यांतील खेड्यांत अनेकदा औषध दुकानदार हाच आरोग्यविषयक पहिला सल्लागार असतो. शाखेच्या सभासदांनी आठवडी बाजारात प्रतिजैविकांचा पूर्ण क्रम, उरलेल्या गोळ्यांचे धोके व मुदतबाह्य औषधे यांविषयी वऱ्हाडी बोलीत समजावून सांगितल्यास पाठ्यपुस्तकातील रुग्णसमुपदेशन प्रत्यक्षात उतरेल. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीतील औषधांची नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. ती का व कशी ठेवावी, याचा सरावही शाखेत घेता येईल. नोव्हेंबरमधील राष्ट्रीय फार्मसी सप्ताह ही त्यासाठीची स्वाभाविक संधी होय.

निष्कर्ष

शाखेचे मूल्यमापन कार्यक्रमांच्या संख्येवर न करता माजी सभासदांच्या वर्तनावर करावे. प्रमाणपत्र ज्याच्या नावाचे, तोच दुकानात उभा असेल, तर शाखेची स्थापना सार्थकी लागली असे म्हणता येईल. प्राध्यापकवर्गाने हे कार्य अभ्यासेतर न मानता व्यवसायशिक्षणाचाच भाग मानणे अगत्याचे आहे.