अवेळी आलेला पाहुणा

पुण्याच्या गुलटेकडी भागात मार्केट यार्ड ही मोठी घाऊक बाजारपेठ आहे. शहर झोपलेले असते, तेव्हा येथे जाग असते. गावोगावचा भाजीपाला रात्री मालमोटारींतून येऊन उतरतो. भुसार विभागात धान्याच्या, डाळींच्या व मसाल्यांच्या पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. हमाल ही पोती पाठीवरून वाहतात आणि तोलणार त्यांचे वजन करतात. त्यांच्या श्रमांवर हा सारा व्यवहार चालतो.

माल घेऊन आलेल्या एखाद्या शेतकऱ्याला कधी उशीर होतो आणि तो जवळच राहणाऱ्या गावकऱ्याचे दार ठोठावतो. घरातील जेवणे आटोपलेली असतात. एवढा मोठा भाजीबाजार हाकेच्या अंतरावर असूनही घरातली भाजीची टोपली रिकामी असते. "जेवून आलो आहे," असे पाहुणा संकोचाने म्हणतो. परंतु त्याचा सुकलेला चेहरा निराळेच सांगतो. त्याला उपाशी निजू द्यावे, तर घरधन्याच्या मनाला ते लागून राहते. फार खटाटोप करावा, तर पाहुण्याला ओशाळल्यासारखे होते. दोघांचाही मान राखील असा पदार्थ महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे. तो म्हणजे पिठले.

चार माणसांच्या पिठल्याला हरभऱ्याच्या डाळीचे एक वाटी पीठ आणि सुमारे तीन वाट्या पाणी पुरते. बाकीचे काम फोडणीचे. मसाल्यांतील सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात चांगली विरघळतात. म्हणून मसाले आधी तापलेल्या तेलात घालतात. फोडणीला क्रम असतो. प्रथम मोहरी टाकतात. तिच्या दाण्यातील ओलाव्याची वाफ होते, टरफल फुटते आणि ती तडतडते. मग जिरे, हिंग, ठेचलेला लसूण व मिरची यांची पाळी येते. हळद चटकन करपते व कडवट होते. म्हणून ती शेवटी घालून लगेच पाणी ओततात.

या चिमूटभर जिनसांचा प्रवासही लांबचा असतो. हळद सांगलीच्या बाजारातून येते. मिरचीचे मूळ अमेरिका खंडात असून पोर्तुगीजांनी ती भारतात आणली. हिंग हा एका झाडाच्या मुळातून स्रवणारा चीक होय. तो अफगाणिस्तान व इराण या देशांतून येत आला आहे. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याच्या लागवडीचा प्रयोग २०२० साली सुरू झाला.

पिठल्यात गुठळ्या का होतात? कोरडे पीठ एकदम उकळत्या पाण्यात पडले, की त्याच्या गोळ्याचा बाहेरचा थर तत्काळ फुगून चिकट होतो. मग पाणी आत शिरू शकत नाही आणि आतले पीठ कोरडेच राहते. म्हणून पीठ आधी थंड पाण्यात कालवून घेतात. काही घरी ते उकळत्या पाण्यात एका हाताने थोडे थोडे पेरतात व दुसऱ्या हाताने सतत ढवळतात. मीठ घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर चांगली वाफ आणली, की पिठाचा कच्चा वास जातो.

जे घरात नाही, त्यावाचून पिठल्याचे अडत नाही. कांदा असल्यास तो फोडणीत परततात. नसल्यास लसूण आहेच. लसूण संपला असेल, तर हिंगाने काम भागते. आंबटपणासाठी आमसूल चालते, ताकही चालते. एकाऐवजी दोन पाहुणे आले, तर थोडे गरम पाणी व चवीपुरते मीठ वाढवावे.

तोवर दुसऱ्या चुलीवर तवा तापतो. ज्वारीच्या पिठाला कणकेसारखा चिवटपणा नसतो. म्हणून ते गरम पाण्यात मळून लगेच थापावे लागते. हे दोन पदार्थ एका ताटात येतात, त्यामागे चवीखेरीज आणखीही कारण आहे. शरीराच्या वाढीस लागणारा प्रथिनांतील जो घटक ज्वारीत कमी असतो, तो हरभऱ्यात पुष्कळ असतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

पाणी कमी घालून कोरडा केला, की पिठल्याचा झुणका होतो. तो फडक्यात बांधून कामावर नेता येतो. पुण्यातील हमालांच्या हमाल पंचायत या संघटनेने 'कष्टाची भाकर' हा उपक्रम चालवला, तो कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावे म्हणून. त्यातही झुणका-भाकरीला मानाचे स्थान मिळाले. जे अन्न अवेळी आलेल्या पाहुण्यासाठी केले जाते, तेच दिवसभर ओझी वाहणाऱ्यालाही बळ देते.

अर्ध्या तासात ताट वाढले जाते. वाफाळते पिठले, गरम भाकरी, मुठीने फोडलेला कांदा असला तर तो, नाहीतर चिमूटभर मीठ. एकट्याने जेवताना पाहुण्याला अवघडू नये, म्हणून घरधनी जेवलेला असूनही चतकोर भाकरी घेऊन त्याच्या पंक्तीला बसतो. मग पाहुणा निःसंकोचपणे दुसरी भाकरी मागून घेतो.