कूप, करार आणि आरा गिरणी

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्यातील घाटपायथ्याचे तालुके. येथील साग, ऐन, किंजळाच्या वनांत तोडीचे कष्ट ठाकूर व कातकरी मजुरांचे; नफा मात्र लिलावात कूप घेणाऱ्या ठेकेदाराचा, अशी पूर्वी स्थिती होती. ती पालटण्यासाठी तत्कालीन मुंबई सरकारने १९४७ साली जंगल कामगार सहकारी संस्थांची योजना हाती घेतली. करारान्वये संस्थेने नेमून दिलेल्या कुपातील खुणा केलेली झाडेच तोडावयाची व माल वखारीत रचावयाचा. विक्रीच्या नफ्यात तिला वाटा मिळावयाचा.

ओंडका चिरून फळ्या, चौकटी केल्या की त्याचे मोल वाढते. ओंडकाच बाहेरगावी गेला, तर हे वाढीव मोल व त्यातील रोजगारही बाहेर जातो. म्हणून स्थानिक आरा गिरणी हवी. परंतु गिरणीची भूक वनाच्या उत्पन्नाहून मोठी झाल्यास चोरट्या तोडीस वाव मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वनांतील तोड मंजूर कार्य आयोजनेपुरती मर्यादित केली, तर २००२ मध्ये नव्या गिरण्यांवर निर्बंध घातले. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार परवान्यापूर्वी राज्यस्तरीय समिती लाकडाची उपलब्धता तपासते. शिवाय या तालुक्यांचा काही भाग २००३ पासून माथेरान पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात मोडतो.

यास्तव आधी मालकी जमिनीवर लागवड, मग गिरणी, हाच क्रम हितावह होय. आदिवासी खातेदाराने झाडे व्यापाऱ्यास परस्पर न विकता १९६९ च्या अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, ही माहिती पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी वाडीवाडीवर पोहोचवावी. झाडाचे योग्य मोल मिळाले, तरच ते लावण्याची उमेद टिकेल.