दांडीपासून सर्वांत जवळचा सिंह

पालघरमधल्या आपल्या दांडीच्या किनाऱ्यावर उभं राहून वायव्येकडे पाहिलं की नजर पोहोचेल तिथवर पाणीच. त्या पाण्यापलीकडे, सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत, सौराष्ट्रातलं जाफराबाद आहे. आपल्या तांडेलांना हे नाव काही नवं नाही. तिथलेही लोक बोंबील वाळवतात आणि मासेमारीवरच जगतात. आपल्या कोकणाशी या बंदराचं जुनं नातंही आहे, कारण जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाची सत्ता तिथे 1948 पर्यंत होती. आज त्याच जाफराबाद-राजुला पट्ट्यात, मिठागरं, पिपावाव बंदर आणि मालगाड्यांचे रूळ यांच्या आसपास, रानटी सिंह मोकळे फिरतात.

सिंह जवळून पाहायचा म्हटलं की आपल्याला आधी मसाई मारा आठवतं. तिथला सिंह जीपपासून चार हातांवर निवांत पडून राहतो, कारण छावा असल्यापासून त्याने गाड्या पाहिलेल्या असतात. गाडी त्याचं भक्ष्य नाही आणि ती त्याच्यावर चालूनही येत नाही, हे त्याला ठाऊक झालेलं असतं. पण आतला माणूस उठून उभा राहिला, खाली उतरला, की हा सवयीचा करार मोडतो. म्हणून तिथला वाटाड्या पहिली ताकीद देतो ती बसून राहण्याची.

सौराष्ट्रातल्या गिरच्या जंगलात मात्र वनखात्याचे माग काढणारे लोक सिंहामागे पायी जातात आणि मालधारी गुराखी हातात काठी घेऊन त्याच रानात गुरं चारतात. या जवळिकीला बेफिकिरी म्हणणं मला चूक वाटतं. त्यांची नजर सतत सिंहाच्या शेपटीवर आणि कानांवर असते. शेपटी झटके देऊ लागली, कान मागे चपटे झाले, घशातून गुरगुर आली, तर थांबायचं, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरायचं. पळायचं मात्र नाही. पळणाऱ्यामागे धावणं हा सिंहाचा स्वभाव आहे.

इतक्या जवळून जे दिसतं, ते फोटोतही सहसा हुकतं. आशियाई सिंहाची आयाळ आफ्रिकेतल्या भाऊबंदापेक्षा विरळ, त्यामुळे कान उघडे दिसतात. पोटाखाली कातडीची लांब घडी लोंबते. आणि थोबाडावर, मिश्यांच्या मुळाशी, काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. सर्वांत वरच्या ओळीतल्या ठिपक्यांची जागा प्रत्येक सिंहाची निराळी, दोन्ही गालांवरची मांडणीही वेगळी. 1970 मध्ये पेनिक्विक आणि रुडनाई या अभ्यासकांनी या ठिपक्यांवरून सिंह ओळखायची पद्धत मांडली. पुढे गिरच्या अभ्यासकांनीही ती वापरली. एकेक सिंह असा नीट ओळखता आला, तरच त्यांची मोजणी खरी.

मे 2025 च्या गणनेत गुजरातेत 891 सिंह नोंदले गेले. 2020 मध्ये ते 674 होते. यातले निम्म्याहून अधिक आता संरक्षित जंगलाबाहेर आहेत. किनाऱ्यावर त्यांना वेड्या बाभळीची आणि सुरूच्या लागवडीची सावली मिळते, नीलगाय आणि रानडुक्कर मिळतात. मात्र झाडी तुकड्यातुकड्यांची असल्याने किनाऱ्यावरचा सिंह गिरमधल्यापेक्षा मोठा मुलूख पालथा घालतो, आणि त्या वाटेवर रस्ते, कठडा नसलेल्या विहिरी आणि रूळ येतात. पिपावावच्या रेल्वेमार्गावर सिंह मेले आहेत. हे मला फार बोचतं. त्यात सगळे सिंह एकाच मुलखात एकवटलेले, हा धोका वेगळाच. 2018 मध्ये गिरच्या दलखाणिया भागात अवघ्या काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, आणि त्यांच्यात श्वानांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. त्याआधी, 2013 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोत हलवायला सांगितलं होतं. ते अजून झालेलं नाही.

किनाऱ्यालगतच्या गावांत चोरून ‘लायन शो’ चालतात. गुरं किंवा कोंबडी आमिष म्हणून बांधायची, मोटारसायकलींनी सिंहाला घेरायचं आणि मोबाइलवर चित्रण करायचं, हा तिथला प्रकार. हा कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय माणसाजवळ आयतं खाणं मिळतं हे एकदा शिकलेला सिंह पुढे गोठ्याकडेच वळतो, आणि त्याची किंमत त्या गावाचा गुराखी मोजतो. कुणी पैसे घेऊन असा सिंह दाखवतो म्हणाला, तर सरळ नाही म्हणावं आणि वनखात्याला कळवावं.

पालघरहून जाणाऱ्याने सासण गिरचा सरकारी परवाना आगाऊ काढावा. 16 जून ते 15 ऑक्टोबर जंगलाची सफारी बंद असते. सासणजवळचं देवळिया उद्यान मात्र पावसाळ्यातही खुलं राहतं.