बॉडी कोणी बांधली?

माल्टाच्या जुन्या बसवर लिहिणाऱ्यांत दोन तट आहेत. एक चासी पाहणाऱ्यांचा, दुसरा बॉडी पाहणाऱ्यांचा. मी पहिल्यापासून दुसऱ्या तटातला. पहिल्या तटातले अभ्यासक गाडीखाली वाकतात, चासी बेडफर्डची की लेलँडची ते पाहतात, साल टिपतात आणि वही मिटतात. त्यांच्या लेखी हे बेट म्हणजे विलायती गाड्यांचं उघड्यावरचं संग्रहालय. हे मला कधीच पटलेलं नाही. चासी विलायतेची असेल, बस माल्टाची होती.

इतिहास ठाऊक असलेल्यांसाठी धावती उजळणी पुरे. 1905 साली बेटावर पहिली मोटारबस आली. ट्राम 1929 मध्ये बंद पडली, रेल्वे 1931 मध्ये, आणि जेमतेम अडीचशे चौरस किलोमीटरच्या त्या बेटाचं सगळं येणंजाणं बसवर आलं. मार्गागणिक बसचा रंग वेगळा असे, त्यामुळे अक्षरओळख नसलेला माणूसही आपली गाडी लांबूनच हेरी. सत्तरच्या दशकात सगळ्यांना हिरवा रंग फासला गेला. 1995 पासून पिवळं अंग, नारिंगी पट्टा आणि पांढरा टप आला. पर्यटकांच्या फोटोंत दिसतो तो हाच. शेजारच्या गोझो बेटाने मात्र आपल्या बसचा करडा रंग आणि लाल पट्टा सोडला नाही.

आता मुद्द्याचं. इथे बस आणि मालक यांची गाठ घट्ट होती. पुष्कळदा चालवणाराच मालक असे. नवी गाडी घेणं परवडत नसे, म्हणून जुनी टिकवायची. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्कराने काढून टाकलेले ट्रकसुद्धा इथल्या कारखान्यांत बस झाले. चासी आली की सांगाडा उभा करायचा, पत्रा ठोकून वळवायचा, खिडक्या बसवायच्या. पुढे इंजिन दमलं तर दुसरं टाकायचं, बॉडी खंगली तर नवी चढवायची. बोनेट पुढे आलेल्या कितीतरी गाड्या अशा फेरबांधणीत सपाट तोंडाच्या झाल्या. शुद्धतावाद्यांना याचा राग येतो. अमुक बस ‘अस्सल’ नाही, कारण तिचं इंजिन मागाहून बदललेलं, असं त्यांचं म्हणणं. पण तीन पिढ्यांनी दुरुस्त करत चालवलेली गाडी अस्सल नाही तर अस्सल म्हणायचं कशाला?

अक्विलिना, बार्बरा, ब्रिनकॅट, डेबोनो ही बॉडी बांधणाऱ्यांची घराणी. त्यांच्याविषयी लिहिताना मला जागा नेहमीच अपुरी पडते. प्रत्येकाचा हात वेगळा. कुणाची जाळी रुंद, कुणाची उभी, कुणी काचेच्या वरचा कपाळपट्टा पुढे काढलेला, कुणी क्रोमच्या पट्ट्या कडेने वळवत मागच्या चाकापर्यंत नेलेल्या. नव्वदच्या दशकात व्हॅलेटाच्या वेशीबाहेर, ट्रायटन कारंज्याभोवतीच्या स्थानकावर मी उभा राहत असे तेव्हा कारंज्याला वळसा घेणाऱ्या गाडीच्या तोंडावरून बांधणारा ओळखायचा, मग जवळ जाऊन खात्री करायची, हा माझा नाद. एका बेडफर्डच्या जाळीची प्रत्येक पट्टी चालक फडक्याच्या टोकाने वेगळी पुसत होता. आत त्याच्या डोक्यावर मेरीमातेची तसबीर, तिला प्लास्टिकच्या फुलांची महिरप, आणि दाराजवळ निळ्या-तांबड्या वेलबुट्टीत, सावली दिलेल्या अक्षरांत रंगवलेलं नाव. ती अक्षरं काढणारे रंगारी हाही त्या बेटावरचा एक धंदाच होता. छताखालून गेलेली दोरी ओढली की पुढे घंटी वाजे. एसटीत वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटायला जागाच नव्हती.

मध्यंतरी इंग्लंडहून वापरलेल्या बस आल्या, पुढे खालच्या पायरीच्या नव्या बसही आल्या. त्यांच्यावर मला फारसं लिहावंसं वाटत नाही. त्या बाहेरून तयार होऊन आल्या.

3 जुलै 2011 रोजी सगळी सेवा आरीवा या कंपनीकडे गेली आणि जुन्या बस एका दिवसात रस्त्यावरून उतरल्या. त्या धूर सोडत, त्यांत चढायला म्हाताऱ्यांना त्रास होई, हे खरंच आहे. पण त्यांच्या जागी लंडनहून आणलेल्या लांबलचक जोडबस त्या अरुंद गल्ल्यांत अडकू लागल्या. 2013 च्या ऑगस्टमध्ये त्यांतल्या काहींनी पेट घेतल्यावर सगळ्या जोडबस काढून टाकाव्या लागल्या आणि वर्ष संपताना कंपनीही गेली. बेटाचा रस्ता ओळखून बांधलेल्या गाड्या तोवर नाहीशा झाल्या होत्या. आज उरलेल्या काही गाड्या लग्नाच्या वरातीला आणि पर्यटकांच्या फेऱ्यांना निघतात.

आपल्याकडे वेगळं काय घडतंय? 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला निघालेली पहिली एसटीही बेडफर्डच होती, लाकडी बॉडीची. पुढे दापोडीच्या कार्यशाळेत कामगारांनी चासीवर हजारो बॉड्या चढवल्या. त्या लाल डब्याच्या आठवणी काढणारे पुष्कळ भेटतात. त्याचं रिबिट कोणी ठोकलं हे विचारणारा मला क्वचितच भेटला. आता बांधून तयार बस विकत घेण्याकडे कल वाढला आहे, आणि पत्रा वळवणारे हात निवृत्त होत आहेत. माल्टाच्या बांधणाऱ्यांची नावं निदान हौशी लोकांनी जपून ठेवली. आपल्याकडे तेवढंही झालेलं नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात कुणी एसटीच्या कार्यशाळेत सुतार, पत्राकाम करणारा किंवा रंगारी असेल, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा. कोणत्या साली, कोणत्या गाडीवर, काय काम केलं ते विचारा, फोटो असतील तर मागे नावं लिहून ठेवा. बसचे नंबर सरकारी कागदांत सापडतील. ही नावं तिथे सापडणार नाहीत.