ओसरीवरचा पाहुणा

खंडाळ्यास पावसाळा काढणाऱ्या मंडळींस दिव्याभोंवतीं जमणाऱ्या किड्यांचें नवल वाटत नाहीं. परंतु यंदा आषाढांत एके सकाळीं ओसरीच्या भिंतीवर वीतभर पंखांचा, पिवळसर करड्या रंगाचा पतंग स्वस्थ बसलेला दिसला, तेव्हां सारें घर गोळा झालें. धाकट्या चिरंजीवांनीं त्यास 'फुलपाखरूं' ठरविलें, मोलकरणीनें केरसुणी उचलली, आणि सासूबाईंनीं तिचा हात धरला.

हा कोण असावा? सह्याद्रींतले मोठे रेशमी पतंग ओळखणें फारसें कठीण नाहीं; त्यांचे पंख तेवढे नीट पाहावे. अ‍ॅटलास पतंगाच्या तांबूस पंखांवर त्रिकोणी पारदर्शक खिडक्या असतात, व पुढल्या पंखाचें टोंक सापाच्या मस्तकासारखें दिसतें. फिक्या हिरव्या रंगाचा, लांब शेपट्यांचा तो चंद्र-पतंग. आमच्या पाहुण्याच्या चारही पंखांवर एकेक वाटोळा डोळा होता, व त्याच्या मध्यभागीं जणुं अभ्रकाचा तुकडा बसविलेला! म्हणजे हा टसराचा पतंग. पोट जाड, मिशांचीं पिसें अरुंद. तेव्हां ही मादी.

"तिला थोडें साखरपाणी ठेवूं का?" सासूबाईंनीं विचारलें. पण या पतंगांस खाण्याजोगें तोंडच नसतें. सुरवंट असतांना ऐन, अर्जुन, जांभूळ यांचीं पानें खाऊन जी शिदोरी सांठविली, तिच्यावरच आठवड्याभराचें आयुष्य काढावयाचें.

टसर म्हणतांच सासूबाईंस आपला सोवळ्याचा मुकटा आठवला, तोहि टसराचाच. विदर्भांत आरमोरीकडे ढिवर लोक ऐन-अर्जुनाच्या झाडांवर हे सुरवंट वाढवितात, व भंडारा जिल्ह्यांतील आंधळगांवचे विणकर त्याचें कापड विणतात. कोश लहानशा अंड्याएवढा, टणक, देंठानें फांदीस लटकलेला. पतंग त्यांतून वाट काढून निघाला कीं सलग धागा मिळणें कठीण. म्हणून आंतला जीव बाहेर येण्यापूर्वींच त्यास वाफ देऊन मारतात. हें सांगतांना माझा स्वर नकळत खालीं आला.

सासूबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग एवढेंच म्हणाल्या, "पन्नास वर्षें नेसतें आहें. कुणी सांगितलें नाहीं."

मादी फारशी दूर उडत नाहीं. तिच्या गंधावर नरच रात्रीं लांबून शोधीत येतात. वाटेंत झगझगीत दिवा असला कीं मात्र ते त्याच्याभोंवतींच घिरट्या घालीत राहतात. त्या रात्रीं ओसरीवरचा दिवा सासूबाईंनीं स्वतःच मालविला, आणि पानें माजघरांत मांडावयास सांगितलीं.