पावसाळी घरात गवती चहाची वाफ

आषाढ लागला की कोल्हापुरात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. भिंतींना ओल येते आणि कपाट उघडलं की कुबट वास नाकात शिरतो. बहुतेक वेळा तो बुरशीचा असतो. अशा वेळी परसातल्या गवती चहाची चार पाती पातेल्यात उकळली की घर लगेच ताजंतवानं वाटतं.

यामागचं शास्त्र मोठं देखणं आहे. गवती चहाच्या तेलात सर्वाधिक असतं ते सिट्रल. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे 229 अंश सेल्सिअस. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून जवळपास साडेपाचशे मीटर उंचावर असल्यामुळे इथं पाणी 98 अंशांनाच उकळतं. मग सिट्रल बाहेर पडतं कसं? तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांचा बाष्पदाब स्वतंत्रपणे काम करतो आणि त्यांची बेरीज होते. पाण्याच्या वाफेसोबत तेलाचे थोडे थोडे रेणू उडत राहतात. सुगंधी तेलं काढण्याच्या भट्ट्या याच तत्त्वावर चालतात. पाती ठेचून घातली तर तेलाच्या पेशी फुटतात आणि वास चटकन सुटतो.

पातेल्यात लवंग, दालचिनी, संत्र्याची सालही घालता येते, पण क्रम सांभाळून. लवंगेतलं युजेनॉल उडायला सिट्रलहून जड, 254 अंशांचं. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन मात्र 176 अंशांचं, ते भराभर निघून जातं. म्हणून लवंग-दालचिनी आधी, मंद आचेवर. साल आणि पाती शेवटी.

पण पातेलं तासभर रटरटत ठेवू नये, असं मी आग्रहानं सांगेन. हिशेब करून पाहा. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण 34 घनमीटर हवा. 25 अंशांना एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त 23 ग्रॅम बाष्प मावतं. आर्द्रता आधीच 85 टक्के असेल, तर बंद खोलीत आणखी जेमतेम 117 ग्रॅमला जागा उरते. म्हणजे अर्धा कप पाणी आटलं की हवा तुडुंब! पुढची वाफ थंड भिंतींवर बसते आणि ज्या बुरशीचा वास झाकायचा, तिलाच पाणी मिळतं. शिवाय गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड येतो. तेव्हा खिडकी उघडी ठेवून दहा मिनिटं पुरेत. वास कमी झाला असं वाटून पुन्हा पाती घालू नयेत. नाक काही मिनिटांतच सरावतं, बाहेरून येणाऱ्याला तो वास स्पष्ट जाणवतो. ओलीवरचा खरा उपाय म्हणजे गळती थांबवणं आणि हवा खेळती ठेवणं.

थंडीत हवा कोरडी असते, तेव्हा पातेलं थोडं जास्त वेळ चालेल. त्याच दिवसांत नवा आजरा घनसाळ येतो. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेला हा तांदूळ चुलीवर असला की वेगळा सुगंध करायची गरजच नाही. सुवासिक तांदळांचा ओळखीचा वास प्रामुख्यानं 2-ॲसिटिल-1-पायरोलीन या संयुगाचा. पाण्याच्या एक अब्ज भागांत त्याचा एक दशांश भाग असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. तांदूळ साठवणीत जुना होईल तसा हा वास उडत जातो, म्हणून घनसाळ हवाबंद डब्यातच ठेवावा.

उन्हाळ्यात मात्र शेगडी नकोच. वाळ्याच्या मुळांतले सुगंधी रेणू जड, सावकाश उडणारे. त्या मुळांच्या पडद्यावर पाणी शिंपडलं की ते हलके हलके सुटतात, आणि बाष्पीभवनानं खोलीही गार होते.